निम्मा दम

शांताक्काला पाण्याची भीती वाटते, हे चिंचोळगीत कुणाला सांगून पटलं नसतं.

जी बाई लुगड्याचा काचा मारून बारवेत उतरते, गावातली निम्मीअर्धी पोरं जिच्या हाताखालून पोहायला शिकली, तिला कसली आली भीती? पण ती होती. रोज दुपारी मोटा सुटायच्या, बैल चिंचेखाली बांधले जायचे आणि पोरं बांधावरून ओरडत यायची. पहिल्या पोराचं पाऊल पायरीवर पडलं की तिच्या पोटात काहीतरी मुठीसारखं आवळायचं. शेवटचं पोर अंग पुसून घराकडं वळेपर्यंत ती मूठ सुटायची नाही. नवऱ्याला, शिवलिंगप्पाला, तेवढं ठाऊक होतं. रात्री जेवताना तिचा पहिला घास कितीतरी वेळ हातातच राहतो, हे त्यानं पाहिलं होतं.

चिंचोळगी उमरग्याच्या खालच्या अंगाला. बोलता बोलता मराठी कुठं संपली आणि कानडी कुठं सुरू झाली ते बोलणाऱ्यालाही कळू नये, असलं गाव. मुलूख निजामाचा, म्हणून शाळेत उर्दू, बाजारात मराठी, देवापुढं कानडी. शांताक्का तिथली नव्हती. ती भीमाकाठची. तिच्या बापाचं रान नदीपलीकडं होतं आणि माणसं, बी-बियाणं, कडब्याच्या पेंढ्या न्यायला-आणायला त्याचं स्वतःचं हरगोल होतं. कातड्यानं मढवलेली, भल्यामोठ्या टोपलीसारखी गोल होडी. बाप वल्हं धरून काठावर उभा राहायचा आणि माणसं आत बसताना पाण्याकडं बघायचा. होडीचा काठ पाण्यापासून चार बोटं उरला की म्हणायचा, "साकु."

साकु म्हणजे पुरे. साधा कानडी शब्द. पोटभर जेवलेला माणूस ताटावर हात आडवा धरून म्हणतो तसला. पण बापाच्या तोंडून तो निघाला की मागं फिरत नसे. एकदा जहागिरीचा कारकून काठावर राहिला आणि तणतणला, "अरे, मी काय खंडीभर वजनाचा आहे का?" बाप म्हणाला, "तुमी हलकेच आहात सरकार. पाणी जड आहे." आणि होडी सोडून दिली. कारकून पलीकडं पोचला तो दुसऱ्या खेपेला.

लग्न होऊन ती चिंचोळगीला आली. तिथं नदी नव्हती. बारव होती. दगडात बांधलेली, चौकोनी, एका अंगाला खाली उतरणाऱ्या पायऱ्या आणि समोरच्या अंगाला उंचावर मोटेचं थारोळं, जिथं मोट येऊन पाणी ओतते. भर उन्हाळ्यातही दोन-अडीच पुरुष पाणी. बायका वरच्या पायरीवरून घागर भरायच्या आणि मागं न बघता निघून जायच्या. पोहणं हा गड्यांचा मामला. आणि गडी पोरांना शिकवायचे कसे? पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचं. वर आलं तर पोहायला आलं. ज्यांना असं ढकललं होतं, ते बाप होऊन आपल्या पोरांना ढकलत होते.

त्यातच प्रेमाबाईचा धाकटा गेला. भोपळ्याची दोरी सुटली आणि भोपळा एकटाच वर आला. गड्यांनी गळ टाकून पाहिले, हाती काही लागेना. शांताक्का तेव्हा नवीच होती. डोक्यावरचा पदर कमरेला खोचून सासऱ्यासमोर, साऱ्या गावासमोर ती पायऱ्या उतरली आणि बुडी मारली. पोर तळाशी दगडाला टेकून बसल्यासारखं होतं. त्याला काखेत धरून ती वर आली तेव्हा त्याचं डोकं तिच्या मानेवर पडलं होतं. जितं पोर झोपेत ठेवतं ना, तसंच.

ते ओझं तिच्या मानेवरून नंतर कधी उतरलं नाही.

महिन्याभरानं तिनं आपल्या जावेच्या पोरीला बारवेवर नेलं. पारावरून चार शब्द आले. सासराही बोलला. तिनं खाली बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मेलेलं पोर काढायला बाई चालली. मग जितं पोर शिकवायला का चालत न्हाय?"

पुढं हळूहळू पोरं येऊ लागली.

तिची रीत वेगळी होती. भोपळा नव्हता, ढकलणं नव्हतं. पोराच्या कमरेला सुती कासरा बांधायचा आणि त्याचं टोक आपल्या मनगटाला. आधी काही दिवस पाण्यात जायचंच नाही. पायरीवर बसायचं, तोंड मिटायचं, दम धरायचा आणि दम निम्मा झाला की हातानं पायरीवर थाप मारायची. संपल्यावर नाही. निम्मा झाल्यावर.

"निम्मा झाला हे कळतं कसं, आक्का?" पोरं विचारायची.

"भूक लागली हे कळतं का न्हाय? तसंच कळतंय. उमरग्याच्या बाजाराला निघालास, अन् बांधून दिलेली भाकर जातानाच सगळी खाल्लीस, तर येताना काय खाशील? धोंडे? निम्मा दम जायाला, निम्मा यायाला. यायचा दम जो जातानाच खातो, तो घरी येत न्हाय."

आणि थाप मारताना म्हणायचं, साकु. ज्याचं त्यानं म्हणायचं. दुसऱ्याचं साकु आपल्याला चालत नाही, आपलं दुसऱ्याला. कुणाच्या साकुला जो हसेल, त्यानं त्या दिवशी पाण्यात न उतरता सगळ्यांची कापडं धरून बसायचं. कापडं धरून बसलेला पोरगा म्हणजे गावभर चेष्टा. त्यामुळं हसणं बंद झालं. पोरं मोठी झाली, त्यांचीही पोरं आली. शांताक्काचे केस कानाशी पांढरे झाले. पोटातली मूठ तेवढी तशीच राहिली.

मग सन अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला.

त्या उन्हाळ्यात भीती ही एकट्या शांताक्काची गोष्ट राहिली नव्हती. सडकेनं रझाकारांच्या लॉऱ्या जात. दिवस मावळायच्या आत गाव दारं लावून घेई. ज्यांचे सगेसोयरे सोलापुराकडं होते ते बायकापोरांना गुपचूप तिकडं पोचवत होते. कुणी कुणाला विचारत नव्हतं. सकाळी एखाद्या घराला कुलूप दिसलं की समजून जायचं. मोटेवरचे गडीदेखील आता गाणं म्हणत नसत.

बारवेवर येणारी पोरं कमी झाली. गफार यायचा थांबला, तशी शांताक्का त्याच्या घरी गेली. गफार म्हणजे पिंजारी गल्लीतल्या हुसेनबीचा मुलगा, तेरा वर्षांचा, तिच्या हातचा सगळ्यात तयार पोहणारा. हुसेनबी दारातच उभी राहिली.

"दिन बुरे हैं, शांताक्का. तिकडं सडकेवर ते लोक काय करत्यात, अन् इकडं माझ्या छोऱ्याकडं गाव कसं बघतंय, मला दिसत न्हाय का? बारवेत कुणाला काय झालं, तर नाव कुणावर यील?"

शांताक्काला खोटा धीर देता येईना. ती एवढंच म्हणाली, "मला पण भ्या वाटतंय, हुसेनबी. पण तो असला की मला बारक्या पोरांसाठी एक हात जास्त असतो."

हुसेनबीनं आत वळून हाक मारली, "गफार, जा रे. आक्का बुला रही."

त्याच आठवड्यात गुरुसिद्धप्पा आला.

गुरुसिद्धप्पाचं गावात किराणा दुकान होतं. धोतर पांढरंशुभ्र, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि जिभेला सतत धार. त्याचा एकुलता शिवशरण अकरा वर्षांचा. महिन्याभरापूर्वीच स्वामींनी त्याला लिंगदीक्षा दिली होती. इष्टलिंग गळ्यात घालायला बापानं खास चांदीची करडगी घडवून घेतली होती, लिंबाएवढी डबी, आणि ती लाल रेशमाच्या दोऱ्यात ओवली होती. शिवा बोलताना, खाताना, झोपेतसुद्धा एक हात त्या डबीवर ठेवायचा. "प्राणासारखं जप," असं स्वामी म्हणाले होते. गुरुसिद्धप्पानं घरी आल्यावर त्याचं सोपं करून सांगितलं, "ध्यानात ठेव, लिंग गेलं तर जीव ठेवायचा न्हाय." दुकानात गिऱ्हाईक असलं की तो शिवाला पुढं घेऊन विचारायचा, "लिंग गेलं तर?" आणि पोरगा खणखणीत म्हणायचा, "जीव ठेवायचा न्हाय!" गिऱ्हाईक मान डोलवायचं.

त्या दुपारी गुरुसिद्धप्पा स्वतः पोराला घेऊन बारवेच्या काठावर येऊन उभा राहिला. तो खाली उतरला नाही. तो कधीच उतरत नसे.

"शांताक्का, आज शिवा थारोळ्यावरनं उडी मारणार."

शांताक्का पाण्यातल्या पायरीवर उभी होती. तिनं वर पाहिलं. "अजून तो पायरीवरनं उडी मारतोय, गुरुसिद्धप्पा. थारोळं लांब हाय. त्याचं त्याला वाटंल तवा मारंल."

"त्याला वाटायची वाट बघत बसलो तर म्हातारा हुईल तो! मुलुख कसा बिघडलाय बघताय न्हवं? चार-आठ दिवसांत त्याला सोलापूरला त्याच्या मामाकडं धाडायचा हाय. वाटंत ओढा लागंल, नाला लागंल, अंधारात कुठं उडी टाकावी लागंल. तवा काय साकु म्हणून बसू द्यायचं त्याला?" मग पोरांकडं बघून तो हसला. "आणि तुमचं हे साकु म्हंजे हाय तरी काय? भित्र्याची आरती. माझ्या दुकानात गिऱ्हाईक साकु म्हणायला लागलं तर मी उपाशी मरीन."

पोरं हसली. हसावं की नाही हे न कळून हसली. शांताक्काला राग यायला हवा होता. पण तिला त्या चेष्टेच्या तळाशी दुसरंच काही ऐकू आलं. हा माणूस घाबरला होता. आपलं पोर अंधारात परक्या वाटेवर असेल आणि आपण तिथं नसू, या विचारानं त्याची झोप गेली होती.

"बरं," ती म्हणाली, "पण ती करडगी दंडाला बांधा, फडक्यात घट्ट. अंगावर असली म्हंजे झालं. आणि ते रेशीम काढा. रेशमाची गाठ ओली झाली की सुटते, सुताची आवळते."

"चिंध्यात बांधू? चांदीची करडगी? स्वामींच्या हातानं गळ्यात पडलीया ती. गळ्यातच ऱ्हाईल."

"मग कमरेला कासरा तरी."

"दावणीचं वासरू हाय का ते? सोलापूरपातूर कासरा धरून येणार हाय का तुमी?"

शांताक्कानं शिवाकडं पाहिलं. "शिवा, तू सांग. जमतंय?"

पोरानं पाण्याकडं पाहिलंच नाही. बापाकडं पाहिलं. "जमतंय."

ज्या पोरानं पाण्याकडं न बघता उत्तर दिलं, त्याचं उत्तर खरं नसतं, हे ती जाणून होती. पण वर बाप उभा होता आणि पोरगा थारोळ्याकडं निघालाही होता. तिनं गफारला खुणेनं बारक्या पोरांना पायरीवर बसवायला लावलं आणि स्वतः थारोळ्याच्या खाली, थोडं बाजूला जाऊन पाणी तुडवत थांबली.

उडी चांगली पडली. पाय जुळलेले, नाक दाबलेलं, तिनं शिकवल्याप्रमाणं. शिवा वर आला तो हसत. गुरुसिद्धप्पानं मांडीवर थाप मारली. "वा रे माझ्या वाघा!"

शिवानं सवयीनं छातीवर हात ठेवला.

हात तिथंच राहिला. हसू चेहऱ्यावर होतं तसंच थिजलं. मग दुसरा हात गळ्यावर गेला, मानेमागं गेला. बारक्या पोरांनासुद्धा कळलं.

"अप्पा," शिवा म्हणाला. मोठ्यानं नाही. "अप्पा, लिंग."

आणि बुडाला.

शांताक्का दोन हात मारून त्या जागी पोचली, पण तोवर तो वर येऊन समोरच्या भिंतीतल्या कपारीला धरून बसला होता. धापा टाकत होता. ती त्याच्याकडं वळली, तसा त्यानं पुन्हा बुडी मारली. ती थांबली. तो वर आला. ती सरकली, तो पुन्हा खाली. आक्का जवळ आली की आपल्याला ओढून बाहेर काढील, हे त्यानं ओळखलं होतं. तळ त्याच्या आटोक्यातला नव्हता. दर खेपेला तो निम्म्यावरून परतत होता, आणि परतताना त्याच्याकडं दर खेपेला कमी उरत होतं. ओठ निळे पडले होते.

वरून गुरुसिद्धप्पाचा आवाज आला. चिरका, ओळखू न येणारा. "कुणीतरी जा रे खाली! ए गफाऱ्या! तू जा की! लई पोहतोस न्हवं तू!"

गफार पायरीवर उभा राहिला. साऱ्या पोरांच्या नजरा त्याच्यावर. शांताक्कानंही त्याच्याकडं पाहिलं. हा गेला आणि वर आला नाही तर? आणि आला, पण रिकाम्या हातानं, तर उद्या गाव काय म्हणेल? हुसेनबी दारात उभी असलेली तिला दिसली. पण तिनं तोंड उघडायच्या आधी गफारच बोलला. त्याचा आवाज कापत होता, तरी शब्द सरळ होते.

"मला तळ लागत न्हाय, चाचा. म्या परवाच बघितलंय. मधनंच परतावं लागतंय. माझं साकु हाय."

"साकु म्हणतंय!" गुरुसिद्धप्पा किंचाळला. "पोराचं लिंग तळाला गेलंय अन् हे साकु म्हणतंय!"

"त्याला बोलू नका!" शांताक्काचा आवाज बारवेच्या चारी भिंतींवर आदळला. साऱ्या आयुष्यात ती गावातल्या गड्यावर ओरडली नव्हती. मग ती शिवाकडं वळली, तिथूनच, जवळ न जाता. आवाज खाली आणला. "शिवा, ऐक. मी जाते. मला तळ ठाव हाय. पण तू कपार सोडायची न्हाय. मी खाली असताना तू पण खाली आलास, तर मी तुला हुडकू का त्याला?"

शिवानं मान हलवली. कपारीवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

पहिल्या बुडीला नुसता गाळ. थंड, मऊ, हात घातला की धुरासारखा उठणारा. ती वर आली, कपारीकडं पाहिलं. पोर होतं. थोडा वेळ थांबली. छातीतली धाप पुरती बसेना. आता ती पूर्वीची राहिली नव्हती आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी ती दुसऱ्यांदा गेली.

तळाशी उजेड हिरवा होता. कठड्याचा एक जुना दगड कधीकाळी पडून तिथं रुतला होता. त्याच्या बुडाशी हात फिरवताना तिच्या बोटाला काहीतरी लागलं. शेवाळासारखं, पण शेवाळ नव्हतं. शेवाळ तुटतं. हे तुटेना. तिनं ओढलं. रेशीम. त्याचं दुसरं टोक दगडाच्या सांदीत अडकलं होतं. ती तिथं होती, करडगी, दगड थोडा हलवला की हाताला येईल इतक्यावर.

आणि दम निम्मा झाला.

तिला ते भूक कळावी तसं कळलं. पाय तळाला रोवून, दोन्ही हात दगडाला लावून आणखी थोडं. एवढं थोडंच. बाप म्हणायचा तो शब्द तिच्या कानात नव्हता. कानात नुसतं रक्त वाजत होतं. पण मानेवर तिला ते ओझं जाणवलं, वर्षानुवर्षांचं, गार. आपण वर आलो नाही तर कपारीला धरलेलं ते पोर काय करेल, हे तिला स्वच्छ दिसलं. ते आपल्यामागं येईल. लिंगासाठी नाही आलं, तरी आता आपल्यासाठी येईल.

तिनं रेशीम सोडलं.

वर आली तेव्हा उजेड डोळ्यांत सुईसारखा घुसला. वरून प्रश्न आलाच. "घावलं? शांताक्का, घावलं का?"

ती पायरीला हात लावून उभी राहिली. श्वास येईपर्यंत थांबली. मग साऱ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाली, "साकु."

"म्हंजे?"

"म्हंजे माझं झालं. आता मी जात न्हाय."

"मग मी जातो," कपारीवरून शिवा म्हणाला. दात वाजत होते. त्याचं ते म्हणणं हट्टाचं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकांपुढं म्हणायचा तसंच, पाठ केल्यासारखं होतं. शांताक्का घाबरली ती त्या आवाजाला.

ती त्याच्याकडं बघत होती, पण बोलली वर. "गुरुसिद्धप्पा, ते माझ्याकडं बघत न्हाय. तुमच्याकडं बघतंय. तुमी शिकवलेलं म्हणतंय ते. आता तुमीच काय ते सांगा त्याला."

वर चपला वाजल्या. गुरुसिद्धप्पा पायऱ्या उतरत होता. एका हातानं भिंत धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून, म्हातारं माणूस उतरतं तसा. पाण्याची पायरी आली तरी तो थांबला नाही. धोतराचा सोगा पाण्यावर पसरला. गुडघाभर पाण्यात, शेवाळलेल्या दगडावर तो थरथरत उभा राहिला. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"शिवा," तो म्हणाला. "बा रे. इकडं ये."

"अप्पा, लिंग गेलं."

"जाऊ दे."

"लिंग गेलं तर जीव—"

"न्हाय! न्हाय रे!" त्यानं दोन्ही हात पुढं केले. पाण्यातल्या माणसानं काठावरच्याकडं करावे तसे. "चुकलं माझं सांगणं. साकु, शिवा. साकु रे बाळा, साकु."

शिवाचा चेहरा मोडला. तो रडायला लागला आणि रडता रडता कपारीवरची त्याची बोटं सुटली.

शांताक्का तोवर निघाली होती. तिनं मागून जाऊन त्याला हात दिला. "गळ्याला न्हाय. खांद्याला धर. शिकवलंय न्हवं?" पोरानं खांद्याला धरलं. बारव ओलांडायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. तिला भीमा ओलांडल्यासारखं वाटलं. गफारनं पायरीवरून हात दिला आणि शिवाला बापाच्या अंगावर लोटलं. बाप मटकन पाण्यातच बसला.

कितीतरी वेळ तो पोराच्या उघड्या छातीवरून हात फिरवत होता. जिथं करडगी असायची तिथं. खालचं काळीज धडधडतंय याची खात्री करून घ्यावी तसा.

जाताना तो वळला. "शांताक्का, खाली हाताला काय लागलं हुतं का?"

शिवा बापाच्या कडेला चिकटून उभा होता. रडणं थांबलं होतं. मान खाली होती, पण तो कान देऊन ऐकत होता.

"गाळ," शांताक्का म्हणाली. "नुसता गाळ."

ते गेले. गफार बारक्या पोरांना घेऊन गेला. एकटी उरल्यावर तिला लुगडं पिळायचंही सुचलं नाही. ओलंच नेसून ती घरी आली. त्या रात्री घास हातातून तोंडाकडं गेलाच नाही.

गुरुसिद्धप्पा संध्याकाळीच स्वामींकडं जाऊन पाय धरून आला म्हणे. स्वामी म्हणाले, "प्राणासारखं जप म्हटलं होतं मी. प्राण देऊन जप असं कधी म्हटलं होतं?" आणि सोमवारी दुसरं लिंग बांधायचं ठरलं. शिवलिंगप्पानं हे सगळं सांगितलं तेव्हा ती ऐकत होती, पण मन तिथं नव्हतं. सोमवार अजून लांब होता. पोरगा आणि बारव, दोन्ही गावातच होते.

तांबडं फुटायच्या सुमाराला ती उठली आणि बारवेवर जाऊन पाण्याजवळच्या पायरीवर बसली. पाणी काळं, स्वस्थ. काही झालंच नाही असं.

उजाडता उजाडता वर पावलं वाजली. अनवाणी, जपून टाकलेली. शिवा पायऱ्या उतरून आला आणि तिला बघून जागीच थबकला. सदरा त्यानं आधीच काढून हातात घेतला होता.

तिनं शेजारच्या दगडावर हात ठेवला. तो येऊन बसला.

"आक्का," तो म्हणाला, "खरंच गाळच लागला का?"

"गाळच."

तो पाण्याकडं बघत राहिला. पाण्याकडं, हे तिनं पाहिलं.

"दम धर," ती म्हणाली.

शिवानं तोंड मिटलं. एरवी तो ईर्ष्येनं धरायचा. चेहरा लाल, मग जांभळा होईपर्यंत, आणि थाप मारायचा ती दम सुटतानाच, सगळ्यात उशिरा. शांताक्का त्याच्या हाताकडं बघत बसली. पोटातली मूठ घट्ट होती. वर कुठंतरी मोटेचे बैल सोडल्याच्या घंटा वाजल्या, कुणीतरी "हो, हो" करत त्यांना मोटेच्या धावेकडं, त्या उतरणीकडं, आणत होतं. पोराची छाती फुगलेली, डोळे पाण्यावर.

हात दगडावर पडला. हलकेच, आणि तिच्या अंदाजाच्या कितीतरी आधी.

"साकु," तो म्हणाला आणि सदरा अंगात घालू लागला.